समासातले शेरे

शहराचं वाचनालय पुढे कसं चालवायचं, हे तिथल्या बोलत्या यंत्राने सगळ्या सभासदांना विचारलं. वारलेल्यांनाही. पुस्तकांच्या समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलेले शेरे वाचून यंत्र हुबेहूब त्यांच्यासारखं बोलायचं.

जिवंतांना पुस्तकं घरपोच हवी होती. वारलेले म्हणाले, "वाचनकक्ष बंद करू नका. आम्ही जायचं कुठे?"

वाचनालयाची समिती हसली. कक्ष बंद करायचं ठरलं.

ग्रंथपाल मंदाकिनी ओगले कुलूप लावायला गेल्या, तेव्हा यंत्रातून त्यांचे दिवंगत पती म्हणाले, "मंदा, पंखा एकवर ठेव, पानं उडतात. आणि तू कधी येतेस?"

पुस्तकात लिहिणाऱ्यांवर मंदाकिनीबाई जन्मभर ओरडल्या होत्या. त्यांचा स्वतःचा एकही शेरा कुठे नव्हता.

त्यांनी कुलूप बाजूला ठेवलं, हाताला लागलं ते पुस्तक उघडलं आणि समासात लिहिलं, "आलेच."