नाकातोबाईची केटली

“टोपी काढ की! वेण्या काय टोपीला घालू?” वेण्या घालणारी नाकातोबाई म्हणाली, तशा सलूनमधल्या सगळ्या बायका खिदळल्या. उल्काचं डोकंच फिरलं. टायफॉइडनंतर तिच्या कानामागे पुरीएवढं टक्कल पडलं होतं. त्यावरून चिडवणाऱ्या पोरीच्या थोबाडीत ठेवून तिनं इथली, युगांडातल्या कंपालाची शाळाच सोडली होती. चार महिने टोपी उतरली नव्हती.

“मी चालले,” ती आईला म्हणाली.

“गप बस. वेण्या हव्यात म्हणून घर कुणी डोक्यावर घेतलं होतं?”

उल्कानं टोपी ओढून काढली आणि डोळे गच्च मिटले. कोणीच हसलं नाही. उलट दोन गिऱ्हाइकं आपणहून उठली. एकीनं डावी बाजू धरली, दुसरीनं उजवी. इथं हीच रीत, रिकाम्या हातांनी कोणी बसत नाही. पाकिटातले उसने केस तिच्या केसांत गुंफत तिघींची बोटं सरसर चालली.

शेवटी नाकातोबाई वाफाळती केटली घेऊन आली. उल्का ताडकन उठली. “ए बाई, भाजशील मला!”

“बस गं पोरी. नुसती टोकं बुडवायची, नाहीतर वेण्या सुटतात.”

टोकं बुडाली. वेण्या जड होऊन कानामागे उतरल्या आणि ती जागा पार झाकली गेली. मानेवर पाणी ओघळलं, ते हाताला लागलेल्या फडक्यानं उल्कानं खसाखसा पुसलं.

“अगं, टोपी आहे ती तुझी!” आई ओरडली.

“असू दे.” तिपेडी वेणी तर उल्काला येतच होती. तिनं पुढच्या बाईच्या डोक्याची डावी बाजू धरली.