कोरडा तुकडा

टॉवरवाल्यांच्या बागेत फवारे सुरू झाले की सगळी हिरवळ भिजते; मधला दहा बाय दहाचा तुकडा तेवढा कोरडाठाक राहतो. वस्ती पाडण्याआधी तिथेच आमची खोली होती. आता मी इथला माळी.

"माळीबुवा," वॉचमन म्हणाला, "आज तो तुकडा भिजला नाही, तर वस्तीतल्या बाकीच्यांसारखं तुम्हालाही गेट बंद. मला वरून सांगितलंय."

फवाऱ्यांतून भिजत जाऊन मी त्या तुकड्यावर उभा राहिलो. अंगावर थेंब पडेना. डोक्याच्या वर हवेत मात्र, पत्र्यावर पडावं तसं पाणी ताडताड वाजू लागलं.

घाबरून बाहेर पडायला वळलो.

आमच्या त्या खोलीच्या दाराची कडी वाकडी होती. दोनदा ठोकल्याशिवाय बसायची नाही.

कुणीतरी ती दोनदा ठोकली. आतून.