फक्त टॉर्च

“आक्का, तुम्ही फक्त टॉर्च धरा,” जावईबापू म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून भिंतीला टेकवलं.

आक्काने टॉर्च धरला. ती मास्तरांची थोरली बहीण, पण घरात सगळ्यांचीच आक्का. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. उघड्या पोटासमोर जिचा हात हलला नाही, तो टॉर्च धरून काय हलणार!

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांच्या वनस्पतिकोशाची अकरा वर्षं डब्यातल्या हार्ड ड्राइव्हमध्ये होती. चार हजार एकशे बारा झाडं, फोटोंसकट. सोमवारी कोश छापखान्यात जायचा होता आणि गुरुवारपासून ड्राइव्ह टिकटिक करायला लागली होती. दुसरी प्रत काढून ठेवायचं मास्तरांच्या मनात होतं. मनातच राहिलं.

उपाय सोपा होता. नवी ड्राइव्ह जुनीच्या शेजारी बसवायची आणि जुनीतलं सगळं नवीत उतरवायचं. मास्तरांनी हौसेने नवीही त्याच कंपनीची, त्याच मापाची आणली होती. शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी.

आक्काने खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली आणि एक तुकडा जुनीवर लावला. कुठल्या पायाचं ऑपरेशन ते आधी पायावर लिहितात, म्हणाली. जावईबापू हसले. मास्तरही हसले. जावई हसला की हसावंच लागतं.

नवी ड्राइव्ह बसली. चार स्क्रू, दोन वायरी. तेवढ्यात जावईबापूंचा फोन वाजला. ते गॅलरीत गेले आणि ऑफिसातल्या कुणाची तरी खरडपट्टी काढून वीस मिनिटांनी त्याच तोऱ्यात परतले. तोवर मास्तरांच्या पाणी प्यायला म्हणून आत तीन खेपा झाल्या होत्या. आक्काने झाकण लावून ठेवलं होतं.

मशीन सुरू झालं. नवी ड्राइव्ह आधी पुसून तयार करावी लागते, असं सांगत जावईबापू भराभर बटणं दाबत गेले. पडद्याने विचारलं, खात्री आहे का? त्यांची खात्री नेहमीच असते.

मग त्यांचा हात थबकला. त्यांनी यादी पुन्हा वाचली. कॉम्प्युटर चालवणारी छोटी ड्राइव्ह होती आणि आत्ताच पुसलेली एक मोठी. तिसरी नव्हतीच.

“बाबा,” ते हळूच म्हणाले, “नवी लागलेलीच दिसत नाही. माझ्याकडून बहुतेक जुनीच पुसली गेली.”

मास्तरांना कोशातलं पहिलं झाडही आठवेना. डब्यातून टिकटिकसुद्धा येत नव्हती.

आक्का उठली. तिने कपाटातून स्टीलचं झाकणाचं ताट आणलं आणि टेबलावर उघडलं. आत घडी केलेल्या पांढऱ्या फडक्यावर ड्राइव्ह होती. चिकटपट्टी लावलेली.

“तुम्ही फोनवर होतात तेव्हा काढून ठेवली,” ती म्हणाली. “ज्याला सुरी लागायला नको, ते मी ऑपरेशनच्या टेबलावर ठेवत नाही.”

मग तिने मशीन बंद करायला लावलं, स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि टॉर्च जावईबापूंच्या हातात दिला. त्यांनी तो निमूट धरला. जरा डावीकडे म्हटलं की डावीकडे, खाली म्हटलं की खाली. दोन वायरी बसल्या. टिकटिक सुरू झाली, आणि तो आवाज मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा गोड वाटला.

पाऊण तास झाडं एकेक करत नवीत उतरत राहिली. मास्तर मोठ्याने आकडे वाचत होते. चार हजार एकशे दहा. अकरा. बारा. आणि जुनी ड्राइव्ह एकदा खरखरली, ती कायमची थांबली.

मास्तरांनी बहिणीचे दोन्ही हात धरले. तिने त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. जावईबापू अजून उघड्या डब्यावर उजेड धरून उभे होते.

“विझवा आता,” आक्का म्हणाली. “टाके घालून झाले.”