शर्वाणीचा राक्षस

"बाबा, हा गेम आपल्या मनातली भीती वाचतो आणि तिचाच राक्षस करून समोर सोडतो," हेडसेट चढवत शर्वाणी म्हणाली.

बंदूक रोखून ती अंधाऱ्या बोळात शिरली. मध्येच किंचाळत होती, लगेच खिदळत होती. दिनकरराव भिंतीवरच्या पडद्यावर लेकीचा खेळ कौतुकानं बघत होते.

बोळाच्या टोकाशी राक्षस आला. त्यानं कमरेचा पट्टा काढून हाताला गुंडाळला होता. चेहरा दिनकररावांचा होता.

शर्वाणीनं धडाधड गोळ्या झाडल्या. "मेला!" ती आनंदानं ओरडली.

दिनकरराव पडद्यासमोरून उठून तिच्याजवळ आले. "शरू, तू शाळेत होतीस तेव्हाच मी ते थांबवलं ना गं?"

"तुम्ही थांबलात, बाबा. हा अजून येतो," ती म्हणाली आणि बंदुकीत पुन्हा गोळ्या भरू लागली.