मुलं गेली कुठं?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीला शिकलेल्या दोन इंजिनिअरांनी 'ओटा' नावाचं ॲप बनवलं आणि लातूरच्या हॉस्टेलांमधली सगळी मुलं त्यावर गप्पा मारू लागली. ती गर्दी पाहून एका बड्या कोचिंग क्लासने ॲप विकत घेतलं. पहिल्याच आठवड्यात मुलांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये त्यांचे वर्गशिक्षक आणि आईवडील जोडले गेले. महिनाभरात 'ओट्या'वर उरले ते फक्त पालकांचे 'शुभ सकाळ'.

हे ॲप घ्यायचा सल्ला क्लासचे व्यवस्थापक ताहेर यांचा होता. संचालकांनी त्यांना बजावलं, "सोमवारपर्यंत मुलं कुठं गेली ते कळलं नाही, तर मंगळवारी तुम्हीही येऊ नका."

ताहेर यांनी चार हॉस्टेलं पालथी घातली. शेवटी निलंग्याहून आलेल्या, बारावीतल्या धम्मप्रियाला त्यांनी मेसमध्ये गाठलं.

"बेटा, माझी नोकरी जाऊन राहिली. खरं सांग, कोणतं नवीन ॲप घेतलं तुम्ही?"

"नवीन कशाला, सर? आपल्या क्लासच्या वेबसाइटवरच बोलतो की सगळे."

"वेबसाइटवर? कुठं?"

"शंका विचारायचं पान हाय ना, तिथं. लई निवांत जागा हाय."

ताहेर यांनी कपाळाला हात लावला. "अगं, ते पान शिक्षकांसाठीच उघडलंय! कुणी सरांनी वाचलं म्हणजे?"


"न्हाई वाचत, सर. अकरावीत विचारलेली माझी शंका तिथं अजून तशीच पडून हाय."