घर सोडण्याचा मुहूर्त

भांड्यांचं पोतं सावित्रीबाईंनी पुन्हा सोडलं आणि त्यातली कढई काढून शेगडीवर आदळली. घर सोडायला निघालं तरी लोक सोडू देत नाहीत, हा काय ताप म्हणायचा!

काचीगुड्यातल्या या माडीवर त्या लग्न होऊन आल्या होत्या. खाली मालक अप्पाराव आणि त्यांच्या पत्नी भाग्यलक्ष्मी, वर हे भाडेकरू. अप्पाराव गेल्या वर्षी वारले. जाण्यापूर्वी त्यांनी घर मुलाच्या, वेगळं राहणाऱ्या प्रशांतच्या नावावर केलं. तेव्हापासून प्रशांतच्या डोक्यात अपार्टमेंट शिरलं. नाही तरी तीन-चार वर्षांत सगळ्या शहराच्याच डोक्यात ते शिरलं होतं. जुनी घरं पाडायची, पाच मजले चढवायचे, खाली एसटीडी बूथ. प्रशांतने आधी गोडीत सांगितलं. मग पाण्याची मोटर बंद केली, गच्चीला कुलूप घातलं.

सावित्रीबाई पदर खोचून भांडायला तयार होत्या. पण त्यांचे यजमान बाळकृष्ण म्हणाले, कोर्टकचेरी नको. जन्मभर त्यांनी कोर्टातच कारकुनी केली होती, त्यामुळे कोर्ट म्हटलं की ते दुरूनच हात जोडत. शेवटी अंबरपेठेत दोन खोल्या पाहिल्या. अंधाऱ्या, कोंदट. सावित्रीबाईंनी मन घट्ट केलं.

तर आता भाग्यलक्ष्मी आडव्या आल्या. सामान बांधलं की गुडघे धरत त्या वर हजर. शुक्रवारी सुवासिनीने घर सोडलं तर लक्ष्मी पाठोपाठ जाते, म्हणून शुक्रवार बाद. मग अमावास्या लागली. आता आषाढ, आणि आषाढात तेलुगू माणूस घर बदलत नाही. आम्ही कुठे तेलुगू, असं म्हणायचीही सोय नव्हती. अंबरपेठेचा मालक तेलुगूच निघाला. बाळकृष्ण भाग्यलक्ष्मींना अम्मा म्हणत आणि त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते, ते मुकाट्याने दोऱ्या सोडत. सावित्रीबाईंना म्हातारीचा मनस्वी राग येई. मुलगा घालवतोय, आई अडवतेय. माणसांनी घरात आधी आपापसांत बोलून घ्यावं की नाही?

श्रावण लागला. सावित्रीबाई स्वतः गौलीगुड्याला गेल्या आणि तिथल्या गुरुजींकडून दिवस काढून आणला. त्या दिवशी सकाळीच सामान न्यायला ट्रॉली आली. प्रशांत किल्ली घ्यायला खाली उभा राहिला. पोती उतरू लागली, तोच भाग्यलक्ष्मी आल्या आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या. आज दिवस चांगला नाही, म्हणाल्या.

सावित्रीबाईंचा तोल सुटला. दिवस उत्तम आहे, पंचांग मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि आता पुरे झाले तुमचे शकुन-अपशकुन, असं त्या ताडताड बोलल्या. एवढं लागेल असं त्या आजवर या बाईशी कधी बोलल्या नव्हत्या.

भाग्यलक्ष्मी हलल्या नाहीत. खाली ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "दिन अच्छाइच है, सावित्रम्मा. मेरे कू मालूम. ऊपर का खाली हुआ तो कल मेरे कू बी निकालते. प्रशांत के घर में जागा नै बोलते. बूढ़ों के आश्रम में बात कर को आया उनो."

सावित्रीबाईंना आधी स्वतःची लाज वाटली. ही बाई इतके दिवस आपल्याला नव्हे, स्वतःला धरून ठेवत होती आणि आपण तिच्या नावाने बोटं मोडत होतो. मग प्रशांतचा संताप आला. त्या म्हातारीशेजारी पायरीवर बसल्या. जिना अरुंद होता, वर-खाली जायला वाटच उरली नाही.

खालून प्रशांतने आवाज दिला. आज किल्ली मिळाली नाही तर उद्या कोर्टात केस घालतो, म्हणाला. बाळकृष्ण वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातलं पोतं त्यांनी सावकाश पुन्हा खोलीत नेऊन ठेवलं.

"डालो बेटा, केस डालो," सावित्रीबाई म्हणाल्या. "मगर किराएदारां दो घर के हैं. अम्मा का बी नाम लिखो."