लेकीचं म्हणणं

तिने पोस्टमनकाकांच्या कोटाची डावी बाही उजव्या खांद्याला जोडली होती. शिवण पक्की, वरून इस्त्रीसुद्धा फिरलेली. बाबांनी कोट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

तिची मान आपोआप आत गेली. वीस वर्षांची सवय तीन महिन्यांत थोडीच सुटते! बाबांचा जबडा आवळला, कानशिलं लाल झाली. मग त्यांनी टेबलावरची छोटी कात्री उचलली आणि तिच्या हातात दिली.

"उसव. सावकाश. कापड ओढू नकोस."

बाकावर बसलेले पोस्टमनकाका हसले. "काय हो टेलर, तोंडाला अस्तर लावून घेतलंत की काय? पूर्वी एवढ्यात छपराचे पत्रे हलले असते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ते असंच पाहायचे; काही न विचारता, मान किंचित तिरकी करून.

तिला कळत होतं. राग आला की ते हल्ली पाणी पिऊन यायचे, मागच्या दारात जाऊन उभे राहायचे, गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत बसायचे. ती एक शब्द बोलली असती तरी पुरलं असतं. पण वीस वर्षं आरडाओरडा ऐकायचा आणि तीन महिन्यांत शाबासकी द्यायची? राहू दे की अजून थोडे दिवस.

"थकलेत ते, काका," ती उसवता उसवता म्हणाली. "ओरडायलाही अंगात जोर लागतो."

बाबांनी मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी तिने दुकान उघडलं, तेव्हा पोस्टमनकाका दारातच घुटमळले. "कोटाची घाई नाही गं मला."

"बसा, काका. बाहीच राहिलीये. माप बघते आणि लावून देते."

मापांची वही बाबांच्या अक्षरातली. एकेका गिऱ्हाइकाला एकेक पान. लांबी, छाती, कंबर, बाही; आणि शेवटी त्यांनी स्वतः आखलेला एक रकाना, 'गिऱ्हाइकाचं म्हणणं'. कुठे 'काखेत तंग', कुठे 'पाठीत झोळ'. तिथे 'बरोबर' पडल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जायचा नाही. "टेप माझी," ते म्हणायचे, "पण बसलं की नाही, ते घालणाराच सांगणार."

काकांचं पान शोधता शोधता ती वहीच्या शेवटाला पोचली. त्या पानावर नाव नव्हतं. वर नुसतं 'मी'. खाली तारखा, शेजारी 'आवाज चढला'. सात वेळा. सहा. सहा. मध्येच एकदा नऊ, त्यापुढे 'उकाडा होता' असं लिहून खोडलेलं आणि 'सबब नको'. मग चार. दोन. एक. तिथून पुढे ओळीने शून्यं, पार खालपर्यंत.

शेवटच्या रकान्यात मात्र गिऱ्हाईक नव्हतं. तिथे होतं, 'लेकीचं म्हणणं'.

तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. एकाच जागी 'हसली' असं लिहिलं होतं. तेही नंतर खोडून शेजारी बारीक अक्षरात, 'पोस्टमनच्या विनोदाला'.

"सापडलं का गं माप?" काकांनी बाकावरून विचारलं.

तिने पानावर तळवा टेकला.

"कळलं होतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."